प्रोजेक्ट लोनचे कागद : बँकेचा वकील असताना आपला वेगळा वकील लावावा का?

कुपवाडकर · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे भागीदार कुपवाड एमआयडीसीत मशीनिंगचं काम करतो. आता जत तालुक्यात ५ मेगावॅटचा सौर प्रकल्प घेतलाय, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला. त्यासाठी वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. महावितरणला वीज द्यायचा २५ वर्षांचा करार झाला, जमीन भाडेपट्ट्याने घेतली, आणि बँकेने साधारण १३ कोटींचं मुदत कर्ज मंजूर केलं.

सँक्शन लेटर आलं, पाठोपाठ बँकेच्या वकिलाकडून मसुद्यांचा गठ्ठा आला. फॅसिलिटी अ‍ॅग्रीमेंट, हायपोथिकेशन डीड (माल-मशिनरी तारण, ताबा आमच्याकडेच), टीआरए अ‍ॅग्रीमेंट, शेअर प्लेज (शेअर गहाण), आम्हा तिघांच्या पर्सनल गॅरंट्या. शिवाय माझ्या बायकोचीही गॅरंटी मागितली आहे. ती कंपनीत ना डायरेक्टर, ना शेअरहोल्डर.

एक भागीदार म्हणतो, बँकेच्या वकिलाने सगळं तपासलंय, त्याची फी आपणच भरतोय, मग दुसरा वकील कशाला? मला ते पटत नाही, पण नेमकं काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही. इथे कुणी असं कर्ज घेतलंय का? किंवा हे काम करणारं कुणी आहे का?

माजी_शाखाधिकारी · सोमवार, रात्री १०.१५

माझं मत स्पष्ट आहे. नका लावू. मसुदे बँकेच्या ठरलेल्या नमुन्यातले असतात. शाखेला त्यातला एक शब्द बदलायचा अधिकार नसतो. तुमच्या वकिलाने चार पानांच्या हरकती काढल्या की फाइल झोनला जाते, झोनमधून मुख्य कार्यालयाच्या लॉ डिपार्टमेंटला जाते आणि महिना निघून जातो. तोवर वीज करारातली प्रकल्प सुरू करायची मुदत तुमच्या डोक्यावर. कर्ज वेळेत उचला, हप्ते वेळेत भरा, एकही कलम आयुष्यात उघडावं लागणार नाही. मी नोकरीत हेच पाहिलंय.

मिरज_सीए · सोमवार, रात्री १०.५२

शाखाधिकारी साहेबांचा मान राखून सांगतो, अर्धंच पटलं. करार नमुन्यातला असतो हे खरं. पण तुमच्या प्रकल्पाच्या खास अटी सँक्शन लेटरमध्ये असतात, आणि ते लेटर लोक आनंदाच्या भरात दुसऱ्याच दिवशी ‘मान्य’ म्हणून सही करून परत देतात. नंतर माझ्याकडे येतात. तेव्हा करारात काही बदलायला गेलं की बँक म्हणते, हे तर तुम्ही मान्य केलेलं आहे.

कुपवाडकर, तुम्ही स्वीकृतीची सही केली का अजून? केली नसेल तर थांबा. आणि लेटरमध्ये डीएससीआर, म्हणजे कर्ज फेडायच्या क्षमतेचं गुणोत्तर, किती लिहिलाय तो सांगा.

कुपवाडकर · सोमवार, रात्री ११.०५

सही अजून नाही. डीएससीआर १.२५, दरवर्षी तपासणार, कमी आला तर दंडात्मक शुल्क आणि शिवाय डिफॉल्ट. डीएसआरए, म्हणजे हप्त्यांसाठी बाजूला ठेवायचा राखीव पैसा, दोन तिमाह्यांचा.

कृष्णाकाठ · मंगळवार, सकाळी ७.३०

मी सांगलीची, गावभागातली. मुंबईत कर्जाच्या करारांचंच काम करते: कंपन्यांची कर्जं आणि प्रोजेक्ट फायनान्स. कधी बँकेकडून, कधी कर्जदाराकडून. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगते, थोडं लांबेल.

आधी तुमच्या भागीदाराच्या प्रश्नाचं उत्तर. बँकेच्या वकिलाची फी तुम्ही भरता, पण त्याचा अशील बँक आहे. कागद कायद्याने टिकतील, तारण बँकेच्या हातात येईल, उद्या वसुली करावी लागली तर अडचण येणार नाही, असं तो बँकेला लिहून देतो. कलम तुमच्यावर भारी पडतंय हे तुम्हाला सांगणं त्याच्या कामात येत नाही. उलट ते त्याने बँकेला सोडून तुम्हाला सांगितलं तर तो त्याच्या अशिलाशी प्रामाणिक राहिला नाही असं होईल. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता एवढे कागद का? कारखान्याला कर्ज देताना बँक जुने ताळेबंद, जागा, मशिनरी, मालकाची पत बघते. प्रोजेक्ट फायनान्समध्ये यातलं काहीच नसतं. नवी कंपनी, उघडी जमीन आणि वीज विकत घ्यायचा एक करार. कर्ज फिटणार ते पुढच्या वर्षांत येणाऱ्या पैशातून. म्हणून बँक त्या पैशाच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी कागद उभा करते. वीज करारातले हक्क स्वतःकडे लिहून घेते. बिलाचा पैसा थेट टीआरए खात्यात, म्हणजे ट्रस्ट अँड रिटेन्शन अकाउंटमध्ये आणते. त्या खात्यातून आधी कर, मग देखभालीचा खर्च, मग व्याज आणि मुद्दल, मग डीएसआरएची भरपाई, आणि उरलं तर तुम्हाला. पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला बँक धंदा ताब्यात घेतेय असं वाटतं. तसं नाही, हा या कर्जाचा गाभाच आहे आणि तो बदलायला जाऊ नका. शाखाधिकारी साहेब म्हणतात तो उशीर असल्याच हरकतींनी होतो.

पण या गाभ्याच्या आत बरंच काही बदलतं.

एक, डीएससीआर. वर्षभरात खर्च जाऊन हातात राहणारा पैसा भागिले त्या वर्षीचा हप्ता आणि व्याज. २ कोटी भरायचे आणि २ कोटी ४० लाख हातात, तर १.२०. तुमच्या मसुद्यात १.२५ ची अट मोडली की थेट डिफॉल्ट. म्हणजे एकही हप्ता न चुकवता, नुसत्या ढगाळ वर्षामुळे तुम्ही डिफॉल्टर! मागणी अशी करा की १.२५ च्या खाली गेलं तर प्रवर्तकांना पैसे काढता येणार नाहीत, आणि डिफॉल्ट मात्र १.०५ किंवा १.१० च्या खाली, तोही सलग दोन वर्षं. ही मागणी बँका ऐकतात, कारण पैसे आतच राहतात. आणि डीएससीआर कोणत्या वीजनिर्मितीवर काढलाय ते विचारा. पी-५० म्हणजे निम्म्या वर्षांत तेवढी किंवा जास्त वीज होईल असा अंदाज. पी-९० म्हणजे दहातल्या नऊ वर्षांत. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पी-५० आणि बँकेच्या तक्त्यात पी-९० असेल तर दोघं वेगळ्याच प्रकल्पाबद्दल बोलताय.

दोन, दुरुस्तीची मुदत. पैसे न भरण्याला चार-पाच दिवस, बाकी अटी मोडल्या तर ३० दिवस तरी. ‘बँकेच्या मते’ असं जिथे जिथे आहे तिथे ‘बँकेच्या वाजवी मते’ करून घ्या. शब्द छोटा आहे, पण वाद कोर्टात गेला तर बँकेला कारण दाखवावं लागतं.

तीन, क्रॉस डिफॉल्ट. तुमच्या कुपवाडच्या कारखान्याचं कॅश क्रेडिट एखाद्या महिन्यात ओव्हरड्यू झालं तर सौर कंपनी डिफॉल्टमध्ये जाणार का? मसुद्यात ‘ग्रुप कंपन्या’ हा शब्द शोधा. असेल तर काढा, निघत नसेल तर रकमेची मर्यादा घाला.

चार, शेअर प्लेज. किती टक्के आणि कुणाच्या नावे ते बघा. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टच्या कलम १९(२) प्रमाणे कोणतीही बँक एका कंपनीच्या भांडवलातले ३० टक्क्यांहून जास्त शेअर गहाण म्हणूनसुद्धा धरू शकत नाही. म्हणून मोठ्या कर्जात ५१ टक्के शेअर सिक्युरिटी ट्रस्टीकडे, म्हणजे बँकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या संस्थेकडे, ठेवतात.

गॅरंटीबद्दल संध्याकाळी लिहिते, ते एवढ्यात उरकण्यासारखं नाही.

भडंगप्रेमी · मंगळवार, सकाळी ८.१०

ताई, इतकं छान समजावून सांगितलंत की माझं कर्ज नसतानाही शेवटपर्यंत वाचलं. सांगलीत आलात की भडंग माझ्याकडून.

पोवईनाका · मंगळवार, दुपारी १.२०

मी साताऱ्यात वकिली करतो आणि दोन-तीन बँकांच्या पॅनेलवर आहे. म्हणजे ताई ज्या वकिलाबद्दल लिहितात तो मीच. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कर्जदार मला विचारतात, ‘साहेब, सही करू ना?’ मी सांगतो, मी बँकेचा आहे, तुमचा माणूस आणा. काहींना राग येतो.

माझ्या वाट्याला मुख्यतः टायटल येतं. ३० वर्षांचा सर्च, सातबारा, सगळे फेरफार. मुंबईच्या मोठ्या फर्मचा १५० पानी करार शेवटी इथल्या एका फेरफारावर उभा असतो. माण तालुक्यातलं एक प्रकरण सांगतो. जमीन तिघा भावांच्या नावे, सातबारा स्वच्छ, इतर हक्कात सोसायटीचा बोजासुद्धा नाही. भाडेपट्टा तयार. मी वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार मागवला. त्यात तीन मुलगे आणि दोन मुली. पुढच्याच फेरफारात दोघी बहिणींची नावं कमी. कशाच्या आधारे, तर ‘वर्दी व जबाबावरून’. म्हणजे तलाठ्यापुढे दिलेला जबाब, खाली दोन अंगठे. नोंदणीकृत हक्कसोड पत्र नाही. फेरफाराने मालकी जात नाही, तो महसुलाच्या कामापुरता कागद. बहिणींचा हिस्सा तसाच उभा होता. २५ वर्षांच्या प्रकल्पाखालची जमीन अशी ठेवून मी ‘टायटल क्लिअर’ लिहूच शकत नव्हतो.

दोघी बहिणी हयात होत्या. एक दहिवडीत, एक पुण्यात. भाडेपट्ट्यात त्यांना जमीनदार म्हणून घेतलं, भाड्यात हिस्सा ठरला. भावांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं, पण झालं. मला त्या दिवशी या कामाचं फार समाधान वाटलं, कारण बँकेचं तारण पक्कं होताना दोन बायांना त्यांचं मिळालं.

कुपवाडकर, तुमच्या जमिनीत भोगवटादार वर्ग २, इनाम-वतन किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ ची शर्त नाही ना, हे बघा. असेल तर आधी परवानगी लागते.

जतचा_शेतकरी · मंगळवार, दुपारी ३.०५

पोवईनाका साहेब, माझ्याकडं बी एक सोलरवाली कंपनी आलीया. ४ हेक्टर माळरान हाय, कुसळाशिवाय काय उगवत न्हाई. भाडं योजनेत सांगत्यात तसं हेक्टरी १ लाख २५ हजार, वर्षाला ३ टक्के वाढ. कागदात लिवलंय की भाडेकरूला ‘जमिनीवरील हक्क’ बँकेला गहाण ठेवायचा अधिकार राहील. म्हंजे कंपनी बुडाली तर माजी जमीन बँक विकणार का? गावात लोक भीती घालत्यात.

पोवईनाका · मंगळवार, दुपारी ३.४०

दादा, कंपनीकडे जेवढा हक्क आहे तेवढाच ती गहाण ठेवू शकते. तिच्याकडे मालकी नाही, २५-२८ वर्षं भाड्याने वापरायचा हक्क आहे. बँक तो हक्क दुसऱ्या कंपनीला देईल, आणि ती कंपनी तुम्हाला भाडं देत राहील. पण तुमच्या कागदातला शब्द ढिला आहे. ‘जमिनीवरील हक्क’ नको, ‘फक्त भाडेपट्ट्याने मिळालेला हक्क, जमिनीची मालकी कोणत्याही बोजाखाली येणार नाही’ असं लिहून घ्या. थकलेलं भाडं चुकतं केल्याशिवाय नवीन कंपनीला ताबा नाही, हेही घाला. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, नोटरीवर भागवू नका.

आणि सातबाऱ्यावर नावं कुणाची आहेत?

जतचा_शेतकरी · मंगळवार, दुपारी ३.५५

माजं आन थोरल्या भावाचं. दोन बहिणी हायत, त्यांची नावं आबा वारल्यावर लागलीच न्हाईत. मगाशी तुमचं वाचलं तवापासनं तेच डोक्यात हाय.

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ९.००

गॅरंटी. कुपवाडकर, तुमच्या सगळ्या गठ्ठ्यात हा कागद बहुधा सर्वांत पातळ असेल आणि घरावर येणारा तोच आहे.

प्रोजेक्ट फायनान्सचं मूळ तत्त्व असं की बँकेने वसुली प्रकल्पातूनच करायची, प्रवर्तकाच्या घरापर्यंत जायचं नाही. मोठ्या हायवेच्या किंवा शेकडो मेगावॅटच्या प्रकल्पात पर्सनल गॅरंटी सहसा नसते, असते ती बांधकाम संपेपर्यंत वाढीव खर्च भरायची प्रवर्तक कंपनीची हमी. आपल्याकडच्या १०-१५ कोटींच्या प्रकल्पात मात्र बँक टीआरए, प्लेज, हायपोथिकेशन असं सगळं प्रोजेक्ट फायनान्सचं घेते आणि वर पर्सनल गॅरंटीही घेते.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेने आधी प्रकल्प विकावा, मग माझ्याकडे यावं, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. त्याच कायद्यात जामीनदाराला काही संरक्षणं आहेत. उदाहरणार्थ कलम १३३: बँक आणि कर्जदाराने जामीनदाराला न विचारता करार बदलला तर त्यापुढच्या व्यवहारांपुरता जामीनदार सुटतो. पण तुमच्या मसुद्यात ‘कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ खालील हक्क जामीनदार सोडून देत आहे’ अशी एक ओळ नक्की सापडेल. शिवाय १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या जामीनदार व्यक्तीवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येते, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललित कुमार जैन खटल्यात ते कायम केलं. कंपनीचा रिझोल्युशन प्लॅन (दिवाळखोरीतून बाहेर काढायची योजना) मंजूर झाला तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून तीन मागण्या करा. पहिली, पत्नीची गॅरंटी काढा. बँकेने ती का मागितली हे विचारा; बहुतेक वेळा घर दोघांच्या नावे असतं आणि नेटवर्थच्या दाखल्यात तुम्ही ते धरलेलं असतं. तो दाखला फक्त तुमच्या हिश्श्याचा द्या. दुसरी, तुमच्या गॅरंट्यांना मुदत घाला: प्रकल्प सुरू झाला, एक-दोन वर्षं डीएससीआर टिकला, डीएसआरए भरला की गॅरंटी संपली. तिसरी, पूर्ण काढत नसतील तर प्रत्येकाच्या हिश्श्याइतकी रकमेची मर्यादा. तिघांत एकाचे ५० टक्के शेअर आणि गॅरंटी मात्र तिघांची १०० टक्के, हे न्यायाचं नाही.

माजी_शाखाधिकारी · मंगळवार, रात्री ९.४५

ताई, व्यवस्थित लिहिलंत. तरी माझं एक म्हणणं राहतंच. गॅरंटी बँक पैशासाठी कमी, माणूस प्रकल्प सोडून जाऊ नये म्हणून जास्त घेते. घर अडकलेलं असलं की प्रवर्तक रात्री दोन वाजता ट्रान्सफॉर्मरपाशी उभा राहतो. मुदतीची अट मी मंजूर होताना पाहिली आहे, पण ती सँक्शनच्या आधी मागितलेली. नंतर मागितली तर परत क्रेडिट कमिटी. पत्नीच्या गॅरंटीबाबत मी तुमच्या बाजूने आहे. ज्या बाईने कागद वाचला नाही तिची सही घेणं मला कधीच आवडलं नाही.

मिरज_सीए · मंगळवार, रात्री १०.२०

साहेब, हे ऐकून बरं वाटलं.

कुपवाडकर, आणखी दोन गोष्टी विचारा. कंपनीची उद्यम नोंदणी सूक्ष्म-लघु म्हणून आहे का? १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे, त्यात तुम्ही बसाल. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर व्यापारी बँका सूक्ष्म-लघु उद्योगाकडून मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घेऊ शकत नाहीत. उद्या कमी दराची बँक मिळाली तर हे मोठं हत्यार आहे. सहकारी आणि स्मॉल फायनान्स बँकांचे नियम वेगळे, ते तपासा. आणि दंडात्मक व्याज १ एप्रिल २०२४ पासून बंद, आता फक्त दंडात्मक शुल्क, त्यावर पुन्हा व्याज नाही. जुन्या नमुन्यात ‘२ टक्के पीनल इंटरेस्ट’ तसंच राहिलेलं असतं. ते दाखवून द्या, विनातक्रार बदलतात.

वाळवा_ऊस · बुधवार, सकाळी ६.५०

सोलर झालं, आता जरा उसाकडं वळू. आमच्याकडे दर हंगामात एकच वाद. कारखान्याने साखर बँकेत तारण ठेवून पैसे उचलले, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला दर, थकली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे द्या म्हणून लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढतात, जिल्हाधिकारी गोदामावर येतात, आणि तिथे बँकेचं कुलूप. आमच्या घामाची साखर, आणि आधी हक्क बँकेचा? ताई, तुम्ही लोकच हे कागद करता ना?

कृष्णाकाठ · बुधवार, सकाळी ८.३०

दादा, हो, आम्हीच करतो. माझ्या आजोळी ऊसच आहे, त्यामुळे तुमचा राग मला परका नाही.

कायदा असा आहे की गोदामाची किल्ली बँकेकडे असेल तर ते प्लेज. माल बँकेच्या ताब्यात असतो. १९७१ चा बँक ऑफ बिहार विरुद्ध बिहार राज्य हा खटला साखरेचाच होता. बँकेकडे प्लेज असलेली साखर सरकारने उचलून विकली आणि पैसा उसाच्या थकबाकीकडे वळवला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ताबा असलेल्या तारणदाराचं कर्ज फिटेपर्यंत त्याचा हक्क आधी. हायपोथिकेशन असेल, म्हणजे माल कारखान्याच्याच ताब्यात असेल, तर बँकेची बाजू इतकी भक्कम नसते. म्हणून बँका साखरेला कुलूपच लावतात.

पण मार्ग कागदातच आहे. तारण कर्जाच्या करारात अशी अट घालता येते की उचल झालेल्या रकमेतला ठरलेला भाग थेट ऊसबिलाच्या स्वतंत्र खात्यात जाईल, आणि साखर विकून आलेल्या प्रत्येक पोत्यामागे अमुक रुपये त्याच खात्यात. कर्ज देणाऱ्या बँकेलाही हे सोयीचं, कारण थकीत एफआरपीच्या कारखान्याला पुढच्या हंगामात ऊस मिळत नाही आणि मग कर्जही फिटत नाही. संचालक मंडळात असाल तर कर्ज घेतानाच ही अट मागा. आसवनीच्या कर्जात असंच होतं: तेल कंपनी, कारखाना आणि बँक असा त्रिपक्षीय करार, इथेनॉलचा पैसा थेट एस्क्रो खात्यात. तिथे कुणाच्या मर्जीवर काही राहत नाही.

वाळवा_ऊस · बुधवार, सकाळी ९.०५

स्वतंत्र खात्याचं पटलं. वार्षिक सभेत हाच प्रश्न लेखी देतो.

विधी_तृतीयवर्ष · बुधवार, दुपारी १२.१५

मी साताऱ्यात एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळे दिवाणी, फौजदारी नाहीतर जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशाची) परीक्षा, एवढंच बोलतात. हे क्षेत्र असतं हेच मला या धाग्यावर कळलं. मोठ्या लॉ स्कूलची नसले तरी यात शिरता येतं का? आणि सातारा-सांगलीत राहून हे काम होतं का?

कृष्णाकाठ · बुधवार, दुपारी २.००

येतं. सुरुवातीला तुझ्या वाट्याला सीपी चेकलिस्ट येईल, म्हणजे पहिला हप्ता सोडण्याआधी पूर्ण व्हायच्या अटींची यादी. बोर्ड ठराव आला का, कलम १८०(१)(क) चा विशेष ठराव लागतो का, विमा बँकेच्या नावे झाला का, मुद्रांक पुरेसा आहे का. कंटाळवाणं वाटेल, पण व्यवहार कसा बांधलाय ते त्या यादीतून कळतं. करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि कंपनी कायद्याचं चार्जचं प्रकरण पक्कं कर. आणि एक्सेल शिक. बँकेच्या मॉडेलमधला आकडा आणि करारातला आकडा जुळतो का हे ज्या वकिलाला कळतं त्याला मागणी आहे.

आपल्या भागातल्या मुलींकडे मुंबईच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट असते. त्यांना सातबारा वाचता येतो.

पोवईनाका · बुधवार, दुपारी २.४०

इथे राहूनही होतं. मोठे करार मुंबईत लिहिले जातात, पण टायटल, गहाणखत, तारणाची नोंदणी, वसुली सगळं इथलं. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात मे २०२० मध्ये घटनापीठाने सहकारी बँकांनाही सरफेसी (कोर्टात न जाता तारणातून वसुली करायचा कायदा) वापरता येतो असं सांगितल्यापासून आपल्या भागात हे काम खूप वाढलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, सातारा-सांगली त्यात येतात. डीआरटीसाठी (कर्जवसुली न्यायाधिकरण) मात्र पुणे आणि एनसीएलटीसाठी (कंपनी कायदा न्यायाधिकरण) मुंबई गाठावीच लागते. सुट्टीत माझ्याकडे ये, मी तुला फेरफार वाचायला बसवतो.

कुपवाडकर · शनिवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो. सँक्शन लेटरवर सही न करता आम्ही बँकेत गेलो, बरोबर कर्जाचं काम करणारा पुण्याचा एक वकील. चारच मुद्दे नेले होते. पत्नीची गॅरंटी निघाली. ताई म्हणाल्या तसंच होतं, घर दोघांच्या नावे आणि दाखल्यात पूर्ण किंमत. डीएससीआर १.२५ च्या खाली गेला तर आम्ही पैसे काढायचे नाहीत, डिफॉल्ट १.१० ला, सलग दोन वर्षं. ग्रुप कंपन्या काढल्या नाहीत, पण ५० लाखांची मर्यादा आली. गॅरंटीला मुदत घालायची मागणी वरच्या कमिटीकडे गेलीय, बँक म्हणते दोन आठवडे. तेवढं थांबावं का, की सोडून द्यावं? भागीदार घाई करतोय.

माजी_शाखाधिकारी · शनिवार, रात्री ९.०५

थांबा. दोन आठवडे म्हणालेत म्हणजे तीन धरा, पण थांबा. कमिटीपुढे गेलंय म्हणजे शाखेने शिफारस केली आहे. शिफारस नसती तर तिथेच नाही म्हणाले असते. मधल्या काळात मूल्यांकन, विमा, टीआरए खातं उघडणं ही कामं संपवा.

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री ९.३०

साहेबांशी सहमत. थांबताना एक बघून ठेवा. रिझर्व्ह बँकेचे प्रोजेक्ट फायनान्सचे नवे निर्देश १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहेत. पायाभूत प्रकल्पाची व्यापारी उत्पादन सुरू व्हायची तारीख, डीसीसीओ, काही अटींवर ३ वर्षांपर्यंत पुढे नेली तरी खातं स्टँडर्ड, म्हणजे बुडीत न धरलेलं, राहू शकतं. तुमच्या करारात मात्र तारीख एक दिवस चुकली तरी डिफॉल्ट असं असेल, तर नियमाने बँकेला मिळालेली मोकळीक तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. किमान सहा महिन्यांची वाढ करारातच लिहून घ्या, आणि ती वीज करारातल्या मुदतीशी जुळवा.

पोवईनाका · शनिवार, रात्री १०.१०

सह्या झाल्यावर दोन तारखा कॅलेंडरवर लिहा. सीएचजी-१, म्हणजे कंपनीवरच्या तारणाची (चार्जची) नोंद करायचा फॉर्म, ३० दिवसांत. उशीर झाला तर जादा शुल्क, आणि नोंदच झाली नाही तर लिक्विडेटर तो चार्ज मानत नाही. दुसरी, टायटल डीड जमा करून गहाण करत असाल तर नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची नोंदणी कार्यालयाला सूचना), तीही ३० दिवसांत. बँकेचं काम आहे म्हणून सोडू नका, सीएचजी-१ भरायची पहिली जबाबदारी कंपनीची.

जतचा_शेतकरी · शनिवार, रात्री १०.३०

साहेब, बहिणींशी बोललो. थोरली म्हणाली नाव लावा, भाडं चौघात. भावानं बी मान हलवली. मंगळवारी तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज देतोय, भाडेपट्टा त्याच्यानंतर. अर्जाला काय काय लागतंय?

पोवईनाका · शनिवार, रात्री १०.४५

वडिलांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते-नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, चालू सातबारा आणि आठ-अ. आई हयात असेल तर तिचंही नाव वारसात येतं, ते विसरू नका. नोंद प्रमाणित झाली की नवीन सातबारा काढा आणि मगच दस्त नोंदणीला जा. त्या दिवशी दोघी बहिणींनी स्वतः हजर राहायचं, कुणाचं मुखत्यारपत्र नको. भाडेपट्ट्याचा मसुदा मला पाठवा, बघून देतो.